बारा व्होल्टची हळद

शुक्रवार, ११ मे २०१८. १६ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागणार होता, म्हणजे पुढे महिनाभर लग्नं बंद. त्यामुळे त्या आठवड्यात मावळातलं प्रत्येक लॉन्स, प्रत्येक आचारी, प्रत्येक घोडा आणि प्रत्येक ऑर्केस्ट्रा बुक होता. आमचाही. कान्हे फाट्याजवळ, जुन्या पुणे-मुंबई हायवेला लागून असलेल्या एका लॉन्सवर हळद होती. रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी नवरा-नवरीची एन्ट्री झाली आणि त्याच मिनिटाला माझ्या पायाशी असलेल्या साबणाच्या वडीएवढ्या डबीनं जे केलं, ते अख्ख्या गावानं ऐकलं. काहींनी मोबाइलमध्ये घेऊन ठेवलंय. ती डबी त्या मिनिटापर्यंत कशी पोचली तेवढं मी मांडतो. त्यात माझी बाजू घेण्यासारखं फार काही नाही.

सकाळी ७:१० (उरले १४ तास ३२ मिनिटं)

रात्रपाळी करून घरी आलो. मी टाकव्याकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शिक्षण आयटीआय, इलेक्ट्रॉनिक्स. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही.

झोपण्याआधी पेडल लावून बघितलं. डिलेचं पेडल. गिटारचा एक सूर आत घ्यायचा आणि तोच सूर अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं, विरत विरत, परत परत म्हणायचा, एवढंच त्याचं काम. खोऱ्यात तोंड करून हाक मारावी आणि समोरच्या डोंगरानं ती परत करावी, तसं. तीन आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या एका पोराकडून जुनं घेतलं होतं. तो शिकायला परदेशी चालला होता, घर रिकामं करत होता, भाव पाडून दिलं. का पाडला ते घरी आल्यावर कळलं. पावरची पिन जिथं घुसते तो जॅक हलत होता. वायर जरा डावीकडं ओढून धरली की लाल दिवा लागायचा, सोडली की गेला. मी ती वायर डब्याच्या रबरबँडनं पेडलला आवळून टाकली. तीन आठवडे ते पेडल रबरबँडवर चाललं आणि मीही त्याला दुरुस्तीच म्हणत होतो.

त्या सकाळी रबर दोन वेढे घेऊनही दिवा लागेना. मग नेहमीचा दुसरा उपाय केला, टिचकी मारली. लागला. गेला. मी झोपलो.

सकाळी १०:५० (उरले १० तास ५२ मिनिटं)

उन्हानं जाग आली. पहिला विचार पुण्याचा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास उभं राहिलं की असला जॅक दहा दुकानांत मिळतो. पण कान्ह्याच्या माणसाचा असा विचार लोकलच्या वेळापत्रकाशी येऊन थांबतो. पुणे-लोणावळा लोकल सकाळी भरभरून, संध्याकाळी भरभरून, आणि मधे दुपारी तेव्हा मोठा खंड असायचा. आता निघालो तर जाणं कसंबसं जमेल, येताना शिवाजीनगरला बाकड्यावर बसून गिटारवाला संध्याकाळची वाट बघतोय, हे चित्र मला दिसलं. मोटारसायकलवर मेच्या उन्हात चाळीस-पन्नास किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तेही रात्रपाळीनंतर, नको वाटलं.

म्हटलं, उघडूनच बघू.

दुपारी १२:१५ (उरले ९ तास २७ मिनिटं)

मागचे चार स्क्रू काढले. दिवाणावर जुना टॉवेल अंथरला, स्क्रू बाटलीच्या झाकणात ठेवले, खिडकीतला उजेड बोर्डावर घेतला आणि भिंग लावलं. बिघाड लगेच सापडला. जॅकचा पाय बोर्डाला जिथं झाळलेला होता, त्या कथलाच्या ठिपक्याभोवती केसाएवढी गोल भेग. चिखल वाळल्यावर खुंटाभोवती पडते तशी. वरून सांधा चकचकीत, आतून सुटलेला. पिन शेकडो वेळा घातली-काढली की असं होतं. सगळा जोर त्या एका ठिपक्यावर येतो. आमच्या मेंटेनन्सच्या भाषेत ड्राय सोल्डर.

मला अशा भेगांबद्दल थोडं प्रेमही आहे, त्याचं कारण सांगतो. गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलची जातच मुळात एका बिघाडातून आली. १९६० साली नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटून, खरखरीत येऊ लागला. त्यांनी तो तसाच ठेवला. १९६१ मध्ये गाणं गाजलं, लोक तो आवाज मागायला लागले, आणि तेव्हा तिथला इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यानं तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारी ट्रान्झिस्टरची डबी बनवली. १९६२ मध्ये गिब्सननं ती मेस्ट्रो फझ-टोन या नावानं विकायला काढली. फारशी खपत नव्हती; १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये वाजवली आणि मग दुकानांत शिल्लक राहिली नाही. आज मुंबईतसुद्धा अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशनसारखे लोक असली पेडलं हातानं बनवून बाहेरच्या देशांत पाठवतात. एका टेबलाच्या आजारपणाची ही सगळी वंशावळ.

हे मी जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, “मग तुझंबी तसंच ऱ्हाऊ दे की. गाजंल.”

दुपारी १:४० (उरले ८ तास २ मिनिटं)

पंचवीस वॅटची कावी तापवली. पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं टोक गार होतं. कपाळाचा घाम बोर्डावर पडू नये म्हणून रुमाल बांधला. टोक त्या ठिपक्याला लावलं, मनात तीन मोजले, कथलाची तार टेकवली. भेगेच्या कडा आधी थरथरल्या, मग पाणी झाल्या आणि पायाभोवती चढून बसल्या. राळेचा धूर नाकात गेला. कावी उचलली, फुंकर मारली नाही. फुंकर मारली की सांधा पुन्हा कोरडा होतो. ही एक गोष्ट मी आयुष्यात नीट शिकलोय.

टेबलामागच्या बोर्डात अडाप्टर होताच. पिन घातली. दिवा लागला. वायर हलवली, ओढली, पिरगाळली. दिवा ढिम्म. रबरबँड कचऱ्यात टाकलं.

मग अर्धा तास एन्ट्रीचं गाणं वाजवत बसलो. घर रिकामं, भिंती पत्र्याच्या, एक सूर छेडला की सात ऐकू यायचे. खरं सांगायचं तर माझा हात मध्यम आहे. पण डिले लावला की मधल्या सगळ्या फटी आपोआप भरतात. चुकलेला सूरसुद्धा चार वेळा आला की मुद्दाम घेतल्यासारखा वाटतो.

दुपारी ४:३० (उरले ५ तास १२ मिनिटं)

सामान भरलं. गिटार, पट्टा, दोन वायरी, जादा तारा, कॅपो, पेडल, इन्सुलेशन टेप, पक्कड, टॉर्च. पेडल स्वच्छ पुसून मऊ फडक्यात गुंडाळलं. निघताना टेबलामागे हात घालून बोर्डाचं बटण बंद केलं. वीज वाया जाऊ नये म्हणून. ते मात्र आठवणीनं केलं.

अडाप्टर बोर्डातच राहिला.

संध्याकाळी ६:५० (उरले २ तास ५२ मिनिटं)

लॉन्सवर पोचलो. मांडवाच्या मागं आचाऱ्यांनी भात उतरवला होता आणि इंद्रायणी तांदळाचा वास स्टेजपर्यंत येत होता. बायका घाणा भरून मोकळ्या झालेल्या. साउंडवाला पोरगा, विशीचा असेल, चार टॉप आणि चार बेस स्पीकर रचून, वायरींच्या जंजाळात उकिडवा बसलेला.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक मामा. कुणाचे मामा ते माहीत नाही, सगळे मामाच म्हणतात. मामांच्या आयुष्यात दोन घटना मोठ्या: एक, तरुणपणी पुण्यात मेलडी मेकर्सचा ऑर्केस्ट्रा बघितला ती रात्र, दुसरी, १९७१ चं ‘दम मारो दम’ आणि त्यातली भूपेंद्रनं वाजवलेली गिटार. ऑर्केस्ट्रा काढला तो या दोन गोष्टींच्या जोरावर. त्यामुळे कीबोर्डवर सगळे आवाज मिळत असतानाही मामा गिटारवाला ठेवतात आणि त्याला वेगळे पैसे देतात.

“एन्ट्रीला आधी फक्त तुझी गिटार,” मामा म्हणाले. “बाकी सगळी गप. लाइट बंद, पायरो सुरू, अन् तुझी गिटार अशी फिरली पाहिजे मांडवातनं. नवरीच्या बापाला शब्द दिलाय मी.”

माइक चेक झाले, ढोलकी चेक झाली. माझी पाळी यायच्या आत पाहुणे यायला लागले आणि कीबोर्डवर सनई सुरू करावी लागली.

रात्री ८:०५ (उरला १ तास ३७ मिनिटं)

बॅग उघडली. फडकं सोडलं. पेडल बाहेर काढलं. मग बॅग उलटी केली. मग गिटारच्या कव्हरचा तो पुढचा कप्पा, ज्यात कधीच काही नसतं, तोही उलटा केला.

या पेडलला बॅटरीची सोय नाही. काही पेडलं चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलवर रात्र काढतात. हे डिजिटल, याची भूक मोठी.

रात्री ८:१२ (उरला १ तास ३० मिनिटं)

तेव्हा कान्ह्याला रेल्वेचं गेट होतं. घर गेटपलीकडं, टाकव्याच्या रस्त्याला दीडेक किलोमीटर. गेट बंद. पुढं दोन कंपनी बस, एक ट्रॅक्टर, एक पाण्याचा टँकर आणि त्यांच्या फटींतून घुसलेल्या तीसएक मोटारसायकली. मालगाडी गेली. गेट उघडलं नाही. समोरून, लोणावळ्याच्या बाजूनं, दुसरा उजेड दिसायला लागला.

लोक आडव्या दांडीखालून वाकून जात होते. गाडी इथंच लावून तसं जाऊन पळत सुटलो असतो तर साडेआठ-पावणेनऊला अडाप्टर घेऊन परत आलो असतो. गेलो नाही. नियमाचा माणूस म्हणून नव्हे. बूट नवे होते.

शेजारच्या मोटारसायकलवरचा गडी म्हणाला, “हळदीला ना? गिटारवाले ना तुम्ही? मंग इथं काय करताय?”

रात्री ८:३१ (उरला १ तास ११ मिनिटं)

हात हलवत परत. वाटेत फाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं. चार्जर हवे तेवढे, सगळे पाच व्होल्टचे. नऊ व्होल्ट म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी ट्रान्झिस्टर रेडिओचं चामडी कव्हर मागतोय.

साउंडवाल्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, “दादा, मिक्सरला इको आहे की. देतो ना तुमच्या लाइनला. एक बटण आहे.”

हे वाक्य त्यानं ८ वाजून ३५ मिनिटांनी उच्चारलं. त्याच्या मिक्सरमध्ये डिले होता, रिव्हर्ब होता, सगळं होतं. माझं पेडल करतं ते सगळं तो बोटाच्या टोकानं करू शकत होता. पण मग डिले त्याच्या हातात जाणार, माझ्या पायाखाली काहीच उरणार नाही. मी म्हटलं, “तो माइकसाठी असतो रे. गिटारला वेगळा लागतो.” हे खरं नाही.

रात्री ८:४८ (उरली ५४ मिनिटं)

लॉन्सच्या ऑफिसबाहेर वॉचमन काका खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या डोक्यावर पार्किंगचा कॅमेरा, आणि कॅमेऱ्याखाली, बोर्डात, एक काळा अडाप्टर.

पिन बघितली. बाहेरून साडेपाच मिलिमीटर, आतून २.१. तीच. बहुतेक वायफायच्या डब्यांची, कॅमेऱ्यांची पिन हीच असते; पेडलचीही हीच. मापं एक आणि स्वभाव उलटे, ही या पिनेची मोठी फसवणूक. कॅमेऱ्याच्या अडाप्टरला आतल्या बाजूला धन, बाहेर ऋण. गिटारच्या बहुतेक पेडलांत नेमकं उलटं, आत ऋण. बॉससारख्या जपानी कंपन्यांनी ती रीत पाडली आणि बाकीच्यांनी उचलली. ज्याला हे माहीत नाही तो कॅमेऱ्याचा अडाप्टर तसाच घुसवतो आणि पेडल मारून टाकतो.

मला माहीत होतं. आणि माहीत असल्याचा मला त्या क्षणी इतका आनंद झाला की लेबलवरची दुसरी ओळ मी नुसती वाचली, मनावर घेतली नाही. १२ व्होल्ट.

नाही, घेतली. खोटं कशाला बोलू. मनात हिशोब केला: पेडलच्या आत सगळ्या चिपांना लागतात पाच व्होल्ट. ते देणारा तीनपायी रेग्युलेटर मी दुपारीच बघितला होता, ७८एल०५, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा. त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं की तीस व्होल्टपर्यंत काहीही द्या, तो पाचच बाहेर सोडेल. मग नऊ काय अन् बारा काय.

काकांना म्हटलं, “काका, तासभर द्या. पार्किंगवर तुमचं लक्ष आहेच.”

काका म्हणाले, “माझं हायेच. कॅमेऱ्याचंच नव्हतं.”

वायर पिनेपासून वीतभर अंतरावर कापली. दोन्ही टोकं सोलली. लाल काळ्याला, काळी लालला पिळली. टेप गुंडाळली.

रात्री ८:५७ (उरली ४५ मिनिटं)

दिवा लागला. सकाळपेक्षा जरा जास्तच लाल वाटला.

इथं तो हिशोब पूर्ण करतो, जो मी अर्ध्यावर सोडला होता. रेग्युलेटर बारातले पाच पुढे देतो, उरलेले सात स्वतः पितो आणि त्याची उष्णता करतो. पेडल साधारण ऐंशी मिलिअँपिअर ओढत असेल तर नऊ व्होल्टला त्याच्यावर पडतो वॅटचा एक तृतीयांश. बाराला अर्ध्याहून जास्त. आकडा किरकोळ वाटतो. पण हा दाणा दर वॅटमागं दीडशे-पावणेदोनशे अंशांनी तापतो. नऊला तो भोवतालच्या हवेपेक्षा पन्नासेक अंश वर राहिला असता, बाराला जवळजवळ शंभर. भोवतालची हवा म्हणजे बंद लोखंडी डबीतली हवा. ती डबी स्टेजच्या लाल गालिच्यावर, हॅलोजनच्या झोतात, मेच्या रात्री. दीडशेच्या आसपास गेला की हा रेग्युलेटर जळत नाही. शहाणा असतो, स्वतःला बंद करून घेतो. गार झाला की परत उठतो.

हे मला तेव्हाही पाठ होतं. परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं.

रात्री ९:२० (उरली २२ मिनिटं)

दोन गाणी झाली. तिसऱ्यात एक सूर परत येताना किंचित बसका आला. मी कीबोर्डवाल्याकडं रागानं बघितलं. त्यानं माझ्याकडं रागानं बघितलं.

पेडलला बोट लावलं. चहाचा कप धरवतो पण ठेवावासा वाटतो, इतकं गरम. मी ते गालिच्यावरून उचलून एखाद्या लाकडी फळीवर ठेवलं असतं, मागचं झाकण काढून ठेवलं असतं, निदान ही वीस मिनिटं पिन उपसून ठेवली असती तरी पुरलं असतं. मी घाम पुसला आणि साउंडवाल्याला खूण केली: मिक्सरवरचा माझा फेडर पूर्ण वर, आणि एन्ट्री संपेपर्यंत हात लावायचा नाही.

रात्री ९:३८ (उरली ४ मिनिटं)

मामा कानाशी आले. “दहाला पोलिसांची गाडी येती. एन्ट्री, दोन गाणी, आभार, बास.” रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या नियमांचा धाक, हळदीच्या रात्री तो मामांइतका मनावर घेणारा दुसरा माणूस मावळात नसेल.

मी पेडलची दोन बटणं पिळली. परत येण्याची संख्या पाऊण, आवाज पूर्ण. एका सुराचे दहा तरी व्हायला पाहिजेत.

रात्री ९:४१

लाइट गेले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मोबाइल वर झाले, शे-दोनशे निळे चौकोन.

रात्री ९:४२

पायरोची पांढरी कारंजी दोन्ही बाजूंनी उसळली. मधे नवरा-नवरी, पिवळ्यात. मी पहिला सूर छेडला.

तो फिरला. खरंच फिरला, मांडवाच्या त्या टोकापर्यंत जाऊन आला. दुसरा. तिसरा. मामांनी डोळे मिटले होते. चौथा सूर गेला आणि परत येताना वाकला. सेल संपत आलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट खाली खाली जाते, तसा. मागून येणारे सगळे सूर त्याच्याबरोबर खाली बसायला लागले. मग त्या बसण्यात एक खरखर शिरली, खरखरीला डिलेनं सूर समजून परत म्हटलं, परत आलेली खरखर पुन्हा आत गेली, आणि माझी पिळलेली बटणं तिला प्रत्येक फेरीला फुगवत गेली. चार टॉप, चार बेस. गोठ्याला आग लागावी आणि सगळी जनावरं एकदम हंबरावीत, तसा तो आवाज. पुढच्या रांगेतल्या आज्ज्यांनी पदर कानाला लावले. एक तान्हं किंचाळलं. हायवेवरच्या एका ट्रकवाल्याला कुणीतरी मागून हॉर्न देतंय असं वाटलं असावं, त्यानंही हॉर्न दिला.

आणि मग काहीच नाही. रेग्युलेटर झोपला. या पेडलचं बटणही आतल्या विजेवरच चालतं, त्यामुळे वीज गेली की नुसता डिले जात नाही, गिटारच जाते. काही पेडलं मेली तरी सूर आरपार सोडतात. हे वाटेत आडवं पडतं.

अंधारात फक्त पायरोची सुरसुर. नवरी एक पाऊल पुढं टाकून तशीच उभी.

रात्री ९:४३ ते ९:४६

मी गुडघ्यावर. टॉर्च दातात. टेप सोडली, पीळ पुन्हा घातला. पिन उपसली, घातली. दुपारचा सांधा सुटला असणार म्हणून पेडल टिचकी मारून बघितलं, मग बुक्की मारून. दुपारचा सांधा त्या रात्री त्या स्टेजवरची एकमेव धड गोष्ट होती.

गिटारची वायर पेडलमधून उपटून सरळ अँपला लावायला चार सेकंद लागतात. माझ्या मागं, हाताच्या अंतरावर अँप होता. मला चार मिनिटांत ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर मी तसं केलं असतं का, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

रात्री ९:४७

आमचे ढोलकीवाले साठीच्या पुढचे. कार्यक्रमात फार बोलत नाहीत, दोन गाण्यांच्या मधे तपकीर ओढतात. त्यांनी तपकिरीची डबी खिशात घातली, ढोलकी मांडीखाली सरकवली आणि कुणाला न विचारता ठेका धरला. करवल्यांपैकी एकीनं पदर खोचला. नवरीनं इकडंतिकडं बघितलं, हसली आणि नाचतच पुढं आली. पिवळे हात वर. लाइटवाल्यालाही मग लाइट लावायचं आठवलं. एन्ट्री झाली. चांगली झाली असं लोक म्हणतात. मी पाठमोरा होतो.

रात्री ९:५६

आभार. माइकवर गावातले एक मानकरी. आलेल्या पाहुण्यांची नावं, पदांसकट. मांडव शांत. मी थकून गिटारवर हात टाकला.

डबी तेवढ्यात गार झाली होती.

ट्यँव, असं स्पीकरमधनं आलं. आणि मग दहा वेळा, विरत विरत, प्रत्येक नावामागं एक. मानकऱ्यांना वाटलं संगीत दिलंय. त्यांनी पुढची नावं जरा ठेक्यात घेतली. साउंडवाल्यानं माझा फेडर खाली ओढला आणि माझ्याकडं बघितलं नाही.

रात्री १०:००

आवाज बंद. मामा नोटा मोजत होते. माझ्या मोजताना काही बोलले नाहीत, पूर्ण दिल्या. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

वायरी गुंडाळत होतो तर वॉचमन काका आले. “आडाप्टर.”

दिला. त्यांनी टेपवरून अंगठा फिरवला. “ह्याला पट्टी कसली?”

“सैल झाली होती काका. नीट करून दिली.”

“बरं झालं,” म्हणाले, आणि ऑफिसकडं गेले.

रात्री १०:२०

गेट बंद. मालगाडी, लांबलचक, रिकामी. गाडी बंद करून उभा राहिलो. डबे मोजायला लागलो. सतराव्या की अठराव्या डब्याला आठवलं, की लाल काळ्याला आणि काळी लालला अजून तशीच आहे, आणि काकांनी एव्हाना ती पिन कॅमेऱ्यात घातली असणार.

मागं वळून बघितलं. दोन कंपनी बस, एक टेम्पो, हळदीहून निघालेल्या सगळ्या मोटारसायकली. वळायला जागा नव्हती.